‘एक घास खाल्ला तर काय बिघडतं?’

पत्र

मी ६३ वर्षांची आहे. आम्ही चार पिढ्यांपासून इंदूरचे. मुलाचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. सून गुणी आहे, नोकरी करते. लग्नाआधीपासूनच तिचं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या खाऊनसुद्धा हिमोग्लोबिन साडेसातच्या वर सरकेना. मार्चमध्ये एंडोस्कोपी झाली, डॉक्टरांनी सीलिएक सांगितलं आणि गहू जन्मभरासाठी बंद केला. आमच्याकडे शेतातला शरबती गहू येतो, मैदा मी घरात ठेवत नाही. घरचं शुद्ध अन्न कुणाला बाधतं हे माझ्या मनाला पटत नाही. राखीपौर्णिमेला माझ्या आग्रहाखातर तिनं एक पोळी खाल्ली, तिला काहीसुद्धा झालं नाही. आता तिला तवा वेगळा हवा, पोळपाट वेगळं हवं. आपल्याच घरात सुनेचं पान वेगळं मांडायचं, हे मला बघवत नाही. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. पुरणपोळीशिवाय नैवेद्य कसा होणार? ओळखीचे एक जण म्हणतात, खपली गहू चालतो. पुढे नातवंडांनाही हे होईल का? खरं सांगा, एक घास खाल्ला तर काय बिघडतं?

– एक सासू, रामबाग, इंदूर

उत्तर

ताई,

बिघडतं. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

कणीक मळली की तिला चिवटपणा येतो, पोळी न फाटता पातळ लाटली जाते, ते गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे. सीलिएक असलेल्या माणसाच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटतं, आणि त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करत राहतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व रक्तात जातं ते तिच्या वाटे. ही लव झिजून सपाट होते. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि या आजारात सगळ्यात जास्त मार त्याच भागाला बसतो. म्हणून सुनेला गोळ्या लागू पडत नव्हत्या. तिच्या खाण्यापिण्यात हयगय नव्हती आणि तुमच्या हाताच्या अन्नातही काही कमी नव्हतं.

आता एका पोळीचा हिशेब करू. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. त्यात ग्लुटेन ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं, तर तीन महिन्यांत आतड्याची लव पुन्हा झिजू शकते, असं अभ्यासात दिसलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा साठावा तुकडा. पोळी लाटताना लावायची पिठी भाकरीच्या पिठात सांडली, तरी तेवढं जातं. तुम्ही ज्याला एक घास म्हणता, तो तिच्या आतड्याच्या मापानं फार मोठा आहे.

राखीच्या पोळीनं काही झालं नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पण लहानपणापासून ती रोजच पोळी खात आली, तेव्हाही कुणाच्या लक्षात येण्यासारखं पोट दुखलं नसावं. रक्त मात्र वर्षानुवर्षं कमी होत गेलं. मोठ्या वयात सापडणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच असतं. पोट तक्रार करत नाही. रक्त, हाडं, केस, थकवा यांतून आजार बोलतो, आणि घरातले म्हणतात, पोरगी जरा नाजूकच आहे. म्हणून त्रास होतो की नाही ते बघायला थोडं खाऊ घालावं, ही परीक्षा कृपा करून पुन्हा घेऊ नका. तिच्यातून काही कळत नाही. कळतं ते रक्ताच्या तपासणीतून.

हे आजकालचं खूळ आहे अशी शंका तुमच्या पत्रातून डोकावते, म्हणून एक जुनी हकीकत सांगते. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला लोक उपाशी असताना त्यांच्याकडची या आजाराची मुलं मात्र सुधारू लागली. पुन्हा पाव आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होताच, १९५० साली त्यांनी तो प्रबंध लिहून मांडला. तेव्हा गहू बंद करणं हा उपाय तुमच्या-माझ्या वयापेक्षा जुना आहे. आणि आजार आपल्याकडेही दुर्मीळ नाही. उत्तर भारतात लोकांमध्ये जाऊन जी पाहणी झाली, तिच्यात साधारण शंभरात एकाला तो निघाला. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणत वाढलेल्या आपल्या माळव्यात गव्हावर कुणी शंका घेत नाही, म्हणून तो उशिरा सापडतो.

खपलीचं सांगते. खपली हा गहूच. शरबती, लोकवन, कठिया, मालवी, सगळे गहूच. शेतातला असो, जात्यावर दळलेला असो, मोड आणलेला असो, ग्लुटेन त्यात असतंच. रवा, मैदा, दलिया, शेवया ही त्याचीच रूपं. जवही नाही चालत, म्हणून उन्हाळ्यातलं सत्तू नुसत्या चण्याचं आहे की त्यात गहू-जव मिसळलेत, ते बघावं लागतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जवच असतो. सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो.

माझ्या मुलाचं निदान तो सहा वर्षांचा असताना झालं. त्या निदानाला आता बारा वर्षं झाली. पोळी, ब्रेड, बिस्किटं मी त्याच दिवशी बंद केली आणि वाटलं, झालं. आठ महिन्यांनी तपासणी केली तर रक्तातला या आजाराचा आकडा जेमतेम हलला होता. मी घरातली एकेक बरणी उघडून बघितली, तेव्हा सापडलं मेतकूट. आत्याबाईंनी मायेनं पाठवलेलं, मऊ भातावर तो रोज दोन चमचे खायचा. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालतात, हे मला माहीत होतं. पण मेतकूट म्हणजे गहू हे काही डोक्यात येत नाही. थालीपिठाच्या भाजणीचंही तसंच. त्या दिवशी मी खूप रडले. तुम्हाला हे सांगते कारण तुमच्याही घरात अशी एखादी बरणी असेल आणि ती फार प्रेमानं भरलेली असेल.

आता तवा-पोळपाटाकडे येते. माझ्या मते तुमचं दुखणं खरं इथे आहे. सुनेचं वेगळं पान मांडायचं या कल्पनेनंच तुम्हाला कसंतरी होतं ना? मग आधी हे ऐका, पान वेगळं मांडायचं नाहीच. स्टीलची ताटं, वाट्या, कुकर, पातेली नीट घासली की सगळ्यांची एकच चालतात. तिनं तुमच्या शेजारी बसून, तुमच्यासारख्याच ताटात जेवायचं. वेगळ्या हव्यात त्या मोजक्या वस्तू, ज्यांच्यात पीठ अडकून राहतं आणि घासून निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा, लाकडी उलथनं. चाळणी सगळ्यात महत्त्वाची. तिच्या जाळीतली कणीक कितीही धुतली तरी पुरती जात नाही.

आणि याची शिस्त मी तुम्हाला काय शिकवावी? आपल्या आज्यांचं सोवळं आठवा. काठीनं वाळत घातलेलं लुगडं, वेगळा भरलेला हंडा, सोवळ्यातल्या हातानं बाहेरच्या डब्याला न शिवणं, नैवेद्याचं आधी काढून मग बाकीच्यांचं वाढणं. त्या सोवळ्यानं माणसांना दूर लोटलं, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पण कशाला काय शिवलं हे ध्यानात ठेवण्याची जी सवय आपल्या हातांना लागली, ती आज तुमच्या सुनेच्या उपयोगाची आहे. पोळीला लावलेला तुपाचा चमचा परत तुपाच्या डब्यात जाणार नाही. पोळी खाता खाता लोणच्याच्या बरणीत हात जाणार नाही. आधी भाकरी, मग पोळ्या. कणीक चाळायची असेल तर तिचं जेवण झाकून, शक्यतो दुसऱ्या खोलीत. पुऱ्या तळल्या त्या तेलात तिचे साबुदाणावडे नाहीत. आठवडाभरात हात आपोआप तसे चालायला लागतात. घरातल्या बाकीच्यांनी पोळ्या सोडायची काही गरज नाही, तुमचा शरबती घरात येत राहू दे.

चक्कीचा प्रश्न मात्र अवघड आहे. चक्कीवर गव्हामागून ज्वारी दळली की दगडांमध्ये राहिलेली कणीक ज्वारीत येते. सकाळी पहिलं दळण घातलं तरी आदल्या दिवशीचं आत असतंच. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो महागड्या परदेशी बिस्किटांवर करू नका, एक घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ देऊ नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा हे सगळं अख्खं आणून निवडून घ्यायचं. ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, ते परातीत पसरून वेचायला तुमच्यासारखी नजर लागते. हे काम तुम्ही अंगावर घेतलंत तर सुनेला किती हलकं वाटेल, याचा अंदाज मला स्वतःवरून आहे.

रोजच्या जेवणाचं अवघड नाही. भात, वरण, भाज्या, दही, ज्वारीची भाकरी, कढी-खिचडी. उपासाचं फराळी जेवण म्हणजे मोरधन (भगर), राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, बटाटे. यातल्या कशातच ग्लुटेन नाही. प्रवासात किंवा पाहुण्यांकडे अडलं की फराळी मागावं, फक्त तेल आणि पीठ कुठलं ते विचारून. पण साबुदाणा आणि पांढरा भात यांच्यावरच दिवस काढू देऊ नका, तिच्या अंगात लोह आणि कॅल्शियम भरून यायचंय. बाजरी, नाचणी, राजगिरा, डाळी, पालेभाज्या ताटात रोज हव्यात. ओट्सची घाई नको. त्यात बहुतेकदा गहू मिसळलेला असतो, आणि काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. डॉक्टरांशी बोलून पुढे कधीतरी.

रविवारच्या पोह्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण इंदूरच्या घरात तो प्रश्न येणारच. पोहे तांदळाचे, ते चालतात. ठेल्यावर मात्र तोच हात जिलबीतून आणि कचोरीतून पोह्यांत येतो. घरी करा. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसालाही घरी कुटा. मुलाला सांगा, बायकोसमोर बसून जिलबी खाताना ‘एवढीशी घे गं’ म्हणायचं नाही.

आता महालक्ष्म्या. मला वाटतं याच सणात तुमच्या घराची गाठ सुटेल, कारण हा नैवेद्य बघितलात तर बहुतेक सगळा तिचाच आहे. सोळा भाज्या, पंचामृत, कोशिंबिरी, भात, वरण, तांदळाची खीर, कटाची आमटी. भज्यांचं बेसन घरी दळलेलं असलं की झालं. आंबील तर ज्वारीचीच. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं. अडतं ते पोळीच्या पारीशी आणि फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्यांशी.

पारीसाठी दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे मोदकांसारखी तांदळाच्या पिठीची उकड काढायची आणि त्यात पुरण भरून मोदक वाफवायचे. हे कधी बिघडत नाहीत. पोळीच हवी असेल तर त्याच उकडीत वाटीभर पिठीला एक चमचा इसबगोल घाला. हे आपल्या नीमच-मंदसौरकडचंच पीक. ग्लुटेन जो चिवटपणा देतं, त्याचं काम ते थोडंफार करतं. उकड दहा मिनिटं झाकून ठेवा, पुरण भरा, केळीच्या पानावर तुपाच्या हातानं थापा, आणि पानासकट तिच्या तव्यावर उलटवून पान सोडवून घ्या. पहिल्या दोन फुटतील. गव्हाच्या पोळीइतकी पातळ ती होणार नाही, तशी अपेक्षाही धरू नका. पण गरम असताना वर तूप घातलं की चव छान लागते. थंड झाली की कडक होते, म्हणून आयत्या वेळी करा.

त्या दिवशी क्रम बदला. पहाटे ओटा पुसून आधी ही उकड, मग सोळा भाज्या आणि बाकीचं सगळं, आणि नैवेद्याचं व सुनेचं वाढून झाकून ठेवल्यावर शेवटी गव्हाची कणीक बाहेर काढा. दोन्ही महालक्ष्म्यांच्या पानात गव्हाच्या पुरणपोळीशेजारी एक तांदळाची ठेवा. शास्त्राचं विचाराल तर मी शास्त्री नाही. पण घरच्या लक्ष्मीला खाता येणार नाही असं पान ज्येष्ठा-कनिष्ठेला गोड लागेल, असं मला वाटत नाही. फुलोऱ्याच्या करंज्या लटकू द्या, त्या शोभेला आहेत. त्या खाली उतरवून डब्यात भरायचं काम तेवढं सुनेकडे देऊ नका.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचंही तसंच. सव्वाचं माप तेच, रव्याऐवजी तांदळाचा रवा घरी काढायचा. सगळ्यांनाच तो वाटला तर कुणाला वेगळं काही द्यावं लागत नाही. दुसऱ्यांच्या घरी प्रसाद हातावर आला, तर तिनं तो कपाळाला लावून नवऱ्याच्या हातात द्यावा आणि त्यानं तो तिथल्या तिथे खावा.

इथे माझी तुमच्याकडे एक मोठी मागणी आहे. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, नातेवाइकांकडे ‘नको’ म्हणायचं काम तुमच्या सुनेच्या एकटीच्या गळ्यात पडतं. नवी सून ‘नको’ म्हणाली की तिला तोरा आहे असं बोललं जातं. म्हणून ती म्हणते, ‘भूक नाही’, आणि उपाशी घरी येते. नाहीतर राखीला केलं तसं करते, तुमचं मन मोडू नये म्हणून खाते. ताई, ती पोळी तिनं तुमच्यावरच्या प्रेमापोटी खाल्ली. यापुढे तिच्या वतीनं ‘नको’ तुम्ही म्हणा. यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन तुमचा जाऊ दे, ‘आमच्या सुनेला गहू चालत नाही, तिचा डबा मी आणतेय, वाईट वाटून घेऊ नका.’ सासूनं सांगितलं की कुणी वाद घालत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत हे काम माझ्या सासूबाईंनी केलं. पंगतीत त्या त्याच्या शेजारी बसत आणि वाढप्याचा हात दुरूनच थांबवत. आज त्या नाहीत, पण मुलगा अजून त्या बसायच्या ती बाजू सांगतो.

नातवंडांचं विचारलंत. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल, इतक्या जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो. म्हणजे दहातले नऊ जण यातून सुटतात. तिच्या माहेरी आई-वडिलांची आणि भावंडांची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा, टीटीजी नावाची. मात्र तपासणीपर्यंत त्यांनी गहू बंद करायचा नाही, बंद केला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. बाळाच्या बाबतीत, उपचाराविना राहिलेल्या सीलिएकमुळे दिवस राहायला अडचण, गर्भपात, कमी वजनाचं बाळ असे धोके वाढतात. पथ्य नीट पाळून आतडं भरून आलं की ते खूप कमी होतात. म्हणजे नातवंडाची वाट बघत असाल, तर त्याची तयारी तिच्या ताटापासूनच सुरू होते. बाळ झाल्यावर त्याला भीतीपोटी गहू वर्ज्य करू नका, इतर बाळांसारखा वेळेवर सुरू करा. पुढे वाढ खुंटली, पोट फुगलं, जुलाब होत राहिले, किंवा तसं काही नसलं तरी दोन-तीन वर्षांचं झाल्यावर, डॉक्टर तपासणी करतील.

सुनेची स्वतःची टीटीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), ड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं, थायरॉइड यांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी होत राहू दे. मार्चमध्ये निदान झालंय, म्हणजे सहा महिन्यांची तपासणी आता आलीच असेल. तिच्याबरोबर तुम्ही जा आणि राखीची पोळी डॉक्टरांना सांगा, म्हणजे आकड्याचा अर्थ त्यांना लागेल. रक्त काही महिन्यांत वर यायला लागतं. आतडं पुरतं भरून यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षंही लागतात. बरं वाटायला लागलं की पथ्य ढिलं होतं, तेव्हा जास्त सांभाळा.

शेवटचं राहिलं ते हिंगाचं. बाजारातल्या डबीत नुसता हिंग नसतो, तो कशात तरी मळलेला असतो, आणि ते बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. खड्याच्या रूपात मिळणाराही पुष्कळदा तसाच. चिमूटभर असला तरी रोज, दोन्ही वेळा, प्रत्येक फोडणीत जातो, आणि महालक्ष्म्यांना सोळाही भाज्यांत जाईल. तांदळाच्या पिठात मळलेला हिंग मिळतो, पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या नियमानं त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन. तो आणेपर्यंत लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, आणि सणाच्या दिवशी लसूण चालत नसेल तर नुसती जिऱ्या-मेथ्यांची. आज संध्याकाळी फोडणी टाकण्याआधी मसाल्याच्या डब्याशेजारची डबी काढा, चष्मा लावा आणि तिच्या पाठीमागचं बारीक अक्षर सुनेला शेजारी बसवून वाचा.

तुमची ताई